छापले म्हणजे सिद्ध झाले काय?

हिंडलगा हे गाव करवीरच्या वाचकांस मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हे गाव येते. तेथील कारागृहात १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवले होते, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. दुसरे कारण तेथील हुतात्मा स्मारक. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे बळी पडले त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १ जूनला सीमाभागातील माणसे तेथे जमतात. त्याच रस्त्याने पुढे उचगावचा फाटा ओलांडून शिनोळीला पोचले की कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. म्हणजे हिंडलगा आपल्या दाराशीच आहे म्हणा ना!

आज या गावाचे नाव घेण्याचे कारण मात्र निराळे आहे. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर या बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. शहरी संमेलनांनी हेवा करावा अशी गर्दी त्यांना लोटते, आणि ती भरविणारी माणसे शेतकरी, शिक्षक व दुकानदार असतात. या वातावरणात वाढलेली मुले-मुली आता मराठी किंवा इतिहास हा विषय घेऊन एम.ए. होतात, आणि त्यांतील काही पीएच.डी.साठी राणी चन्नम्मा विद्यापीठाची अगर आपल्या शिवाजी विद्यापीठाची वाट धरतात. या मुलांच्या वाटेवर एक नव्या तऱ्हेचा वाटमाऱ्या बसलेला आहे, आणि त्याच्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

समजा, हिंडलग्याची एक मुलगी आहे. हिंडलगा, सुळगे, उचगाव, बेळगुंदी या पट्ट्यातील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून तिने जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या. त्यांत कानडी शब्द कोठे येतात, कोणते नातेवाचक शब्द दोन्ही भाषांत सामाईक आहेत, याची टिपणे केली. चार वर्षांच्या पायपिटीतून एक निबंध तयार झाला. तो तिने एका जुन्या, प्रतिष्ठित त्रैमासिकाकडे पाठविला. सहा महिने पोच नाही. इकडे मार्गदर्शक विचारतात, ‘पेपर आला का?’ नोकरीच्या जाहिरातीत विचारतात, ‘किती पेपर?’ अशा वेळी तिच्या मोबाइलवर संदेश येतो : ‘आंतरराष्ट्रीय शोधपत्रिका. सर्व विषय, सर्व भाषा. दोन दिवसांत स्वीकृती, आठवड्यात प्रसिद्धी. आय.एस.एस.एन. क्रमांक, इंपॅक्ट फॅक्टर व रंगीत प्रमाणपत्र मिळेल. शुल्क पंधराशे रुपये.’ ती पैसे भरते. निबंध जसाच्या तसा, टंकलेखनाच्या चुकांसह, संकेतस्थळावर झळकतो. त्याच्या अलीकडे सिमेंटच्या मजबुतीवरचा लेख असतो व पलीकडे बँकांच्या कर्जवसुलीवरचा.

झाले काय? तर चार वर्षांचे खरे काम कोणीही न वाचता छापले गेले. एकदा छापलेला निबंध चांगले त्रैमासिक पुन्हा घेत नाही. जाणता अभ्यासक त्या पत्रिकेचे नाव पाहताच पान उलटतो. ज्या ओव्या म्हाताऱ्यांबरोबर नाहीशा व्हायच्या त्या टिपल्या गेल्या खऱ्या, परंतु जेथे त्या टाकल्या ते ठिकाण उकिरड्याचे निघाले. लबाडी करणाऱ्याचे नुकसान होत नाही, त्याला हवे ते प्रमाणपत्र मिळते. नुकसान होते ते प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचे, आणि या प्रकरणातील खरे दुःख हेच आहे.

या धंद्याचे मूळ पाहू गेल्यास ते एका चांगल्या विचाराच्या आडोशाला वाढलेले दिसते. शास्त्रीय नियतकालिकांच्या वर्गण्या परदेशी प्रकाशकांनी इतक्या चढविल्या की मोठमोठ्या विद्यापीठांनाही त्या झेपेनाशा झाल्या. तेव्हा २००२ साली बुडापेस्ट येथून काही विद्वानांनी जाहीरनामा काढला की, संशोधन हे सर्वांना विनामूल्य वाचावयास मिळाले पाहिजे. यालाच ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजे मुक्त प्रवेश म्हणतात. हिंडलग्यासारख्या गावी बसून अभ्यास करणाराला याहून मोठे वरदान कोणते? पण वाचकाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, तर खर्च चालणार कसा? त्यावर एक तोड अशी निघाली की, लेखकाने अगर त्याच्या संस्थेने छपाईचे शुल्क द्यावे. अनेक सचोटीच्या पत्रिका आजही या पद्धतीने उत्तम चालतात, आणि काही तर लेखकाकडूनही काही घेत नाहीत. पण जेथे पैसा लेखकाकडून येतो तेथे लेख नाकारणे म्हणजे गिऱ्हाईक परत पाठविणे होय. सचोटीचा माणूस तेही करतो, लबाड करीत नाही. लबाडाला तर छापखानाही लागत नाही, एक संकेतस्थळ, दहा-बारा नावांचे संपादक मंडळ व बँकेचे खाते एवढ्यावर त्याचे दुकान उभे राहते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास या पत्रिकांना ‘शिकारी’ हे नाव दिले व त्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला. ती यादी जानेवारी २०१७ मध्ये त्यांना आपल्या संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली.

या पत्रिकांत परीक्षण कसे होते, याची परीक्षा ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकातर्फे जॉन बोहॅनन यांनी घेतली. त्यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून एक खोटा निबंध रचला. लेखकाचे नाव खोटे, त्याची संस्थाही खोटी. हा निबंध त्यांनी ३०४ मुक्तप्रवेशी पत्रिकांकडे धाडला. त्यांपैकी १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला! हा वृत्तान्त ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्वीकारणाऱ्यांत हिंदुस्थानातील पत्रिकांचा भरणा मोठा होता. पुढे हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसंस्थेविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली फिर्याद केली, आणि २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने त्या संस्थेला पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला. परीक्षण होते असे भासवून ते न करणे, नामवंतांची नावे त्यांच्या संमतीवाचून संपादकांत घालणे, आणि शुल्काची गोष्ट लेख स्वीकारल्यावर उघड करणे, असे त्या खटल्यातील आरोप होते.

हे पीक आपल्याच जमिनीत इतके का माजले? याचे उत्तर दिल्लीच्या एका कागदात सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांचे कोष्टक काढले. परीक्षित पत्रिकेतील निबंधास पंधरा गुण, आणि परीक्षित नसली तरी आय.एस.एस.एन. असलेल्या मान्यताप्राप्त पत्रिकेतील निबंधास दहा गुण. हेतू वाईट नव्हता, वशिल्याला आळा बसावा, मोजमाप सर्वांस सारखे असावे, असाच होता. परंतु ज्या दिवशी निबंधाचे वजन करण्याऐवजी तो मोजू लागले, त्या दिवशी मोजण्यापुरते निबंध पुरविणारा दुकानदार उभा राहणारच! आय.एस.एस.एन. हा तर निव्वळ आठ आकडी ओळखक्रमांक. टांग्याला पालिकेचा बिल्ला मिळाला म्हणून घोडा तरणा आहे असे ठरत नाही, तसाच हा प्रकार. इंपॅक्ट फॅक्टरचेही तेच. एखाद्या पत्रिकेतील लेखांचा आधार इतर अभ्यासक किती घेतात याचा तो हिशेब आहे, आणि तो करणारी खरी यंत्रणा वेगळी आहे. पण तसलाच भासणारा आकडा पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि मुखपृष्ठावर ते आकडे चढू लागले. खोट्या पत्रिकेला खोट्या वजनमापाचा शिक्का!

हा प्रकार किती पसरला होता ते पुण्याच्याच अभ्यासकांनी दाखवून दिले, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह म्हटली पाहिजे. अनुदान आयोगाने २०१७ साली ‘मान्यताप्राप्त’ पत्रिकांची यादी जाहीर केली होती. तिच्यातील काही भाग विद्यापीठांच्या शिफारशींवरून भरलेला होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी त्या भागातील ५,६९९ पत्रिकांतून १,३३६ पत्रिका चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडल्या, आंतरराष्ट्रीय सूचींत आधीच असलेल्या ३२७ वगळल्या, आणि उरलेल्या १,००९ कसोटीला लावल्या. ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ अगर संपादकांची नावे यांचाच नीट मेळ नव्हता. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी चुकीचा क्रमांक, खोटा इंपॅक्ट फॅक्टर अशी असत्य माहिती दिलेली होती, किंवा त्यांच्या संपादकांची योग्यताच शंकास्पद होती. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि निष्कर्ष असा निघाला की, या भागातील सूचीबाह्य पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका कमी प्रतीच्या असाव्यात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या. या शिफारशी कोणा परक्याने केल्या नव्हत्या, विद्यापीठांनीच केल्या होत्या, हे येथे विसरून चालणार नाही.

त्यानंतर २०१९ साली ‘केअर’ या नावाची नवी, गाळीव यादी आली. तिचे कामकाज पुणे विद्यापीठातच चाले. पण कुलूप बदलले तशी चोरानेही किल्ली बदलली. आता त्याने नव्या पत्रिका काढण्याचे कष्टही सोडले व यादीतील जुन्या, प्रामाणिक नियतकालिकांच्या नकला उभ्या केल्या. अशा नकली पत्रिकांबद्दल सावधगिरीच्या सूचना त्या यादीच्या चालकांना वेळोवेळी द्याव्या लागल्या. मराठी वाचकास चटका लावणारे उदाहरण ‘मुक्त शब्द’चे आहे. हे मुंबईहून निघणारे मराठी वाङ्मयीन नियतकालिक. कविता, कथा, समीक्षा हे त्याचे क्षेत्र. त्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव व त्याचाच क्रमांक धारण करून एक इंग्रजी पत्रिका अवतरली, आणि तिच्यात अभियांत्रिकी, संगणक, व्यवस्थापन असल्या विषयांवरील लेखांची रास पडली. ज्यांनी ते लेख पैसे देऊन छापले त्यांतील कित्येकांना आपण एका मराठी वाङ्मयीन मासिकाच्या नावावर काँक्रीटचे गणित छापीत आहोत याचा पत्ताही नसेल. मराठी मासिकाचे नाव इतक्या दूरवर जावे आणि ते या तऱ्हेने जावे, याला काय म्हणावे!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या बनावट पत्रिकांमुळे चुकीचे निबंध छापले जातात एवढीच तक्रार असती तर ती फार मोठी नव्हे. चुकीचे निबंध पूर्वीही छापले जात होते. खरी हानी अशी की, अभ्यासकाला प्रश्न विचारणारा माणूस या व्यवहारातून नाहीसा होतो. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त सांगण्याची चाल नव्हती. ‘असे कशावरून?’ म्हणणारा समोर बसलेला असे, आणि त्याचे समाधान होईपर्यंत सिद्धान्ताला प्रतिष्ठा मिळत नसे. इंग्रजीतील तज्ज्ञपरीक्षणाची पद्धत ही याचीच दुसरी तऱ्हा आहे.

मराठीत तर याची परंपरा चांगली मुरलेली होती. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक निघाले. ते १९३७ पर्यंत चालले, आणि त्यातील ग्रंथपरीक्षणांचा लेखकांना धाक असे. त्याचे पहिले संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे. म्हणजे मराठीतील विद्वत्तापूर्ण मासिकाचा पाया घालणारा माणूस याच मुलखाने दिला, हे सीमाभागातील तरुणांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. १९१० साली राजवाडे व मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. मंडळाच्या सभेत निबंध वाचावयाचा, उपस्थितांनी तो उलटापालटा करून पाहावयाचा, आणि मग तो छापावयाचा, असा तेथील रिवाज. ऐकणारांत पदवीधर असत तसे पदवी नसलेले, पण मोडी कागदांत आयुष्य घालविलेले गृहस्थही असत. कागद बनावट असला तर तो ओळखणारी नजर सभेत हजर असे.

दूर कशाला, आपल्या राजाराम कॉलेजचेच उदाहरण घ्या. डॉ. आ. ने. उपाध्ये हे मूळचे निपाणी-चिकोडी भागातील सदलग्याचे, जन्म १९०६ चा. १९३० पासून त्यांनी राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकविली. आठव्या शतकातील उद्द्योतनसूरीचा ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ त्यांनी संपादिला. निरनिराळ्या देशीच्या व्यापाऱ्यांच्या बोलण्याचे वर्णन करताना त्यात मराठी माणसाचाही उल्लेख आलेला आहे, आणि मराठीच्या उगमाची चर्चा करताना अभ्यासक त्याचा आधार घेतात. या ग्रंथाची हस्तलिखिते मुख्यतः दोन, एक पुण्याचे कागदी व दुसरे जैसलमेरचे ताडपत्री. त्यांतील अक्षरन् अक्षर ताडून मूळ संहिता १९५९ साली निघाली, आणि प्रस्तावना-टीपांचा दुसरा भाग निघाला १९७० साली! दोन भागांत अकरा वर्षांचे अंतर. आजच्या कोष्टकाप्रमाणे त्या अकरा वर्षांत उपाध्ये यांना किती गुण मिळाले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली आरंभिली व ती १९६६ साली पुरी केली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तिच्यासाठी लाख रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी ‘किती दिवसांत छापून द्याल?’ असे विचारले नव्हते. संस्थानी काळात दोष पुष्कळ होते, पण विद्येला वेळ लागतो एवढी समज त्या काळच्या जाणत्यांत होती.

सीमाभागाच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव एकीकडे गेले व त्याच जिल्ह्यातील चंदगड आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्याची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. पण ज्या मुलखात शिलालेख, ग्रामनामे, देवस्थानांचे कागद, शाळांच्या नोंदी, घरात बोलली जाणारी भाषा या प्रत्येकावर वाद होऊ शकतो, तेथे या विषयांवरचे लेखन लोखंडासारखे पक्के असावयास हवे. तेच जर पंधराशे रुपयांच्या पत्रिकेत छापले, तर ते कितीही खरे असले तरी प्रतिपक्ष एका वाक्यात उडवून लावील, आणि त्याला दोष देता येणार नाही. कानडी अभ्यासकांचीही हीच स्थिती आहे, त्यांच्या तरुणांनाही हेच संदेश येतात. खोटी पत्रिका मराठी-कानडी असा भेद करीत नाही, ती दोघांचाही खरा पुरावा सारखाच बुडविते.

येथे कोणी म्हणेल, ‘तुम्हाला लिहायला काय जाते? तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या पोराने करायचे काय? तुमची प्रतिष्ठित त्रैमासिके वर्ष-वर्ष उत्तर देत नाहीत. इंग्रजी पत्रिका त्याचे इंग्रजी पाहून लेख परत करतात.’ ही तक्रार अगदी खरी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाईच्या ‘नवभारत’सारखी किंवा मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’सारखी नियतकालिके मोजक्या माणसांच्या निष्ठेवर निघत आली. अशा ठिकाणी संपादक बिनपगारी, परीक्षक बिनमोबदला, आणि वर्गणीदार दिवसेंदिवस कमी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि त्यांतून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी विद्यापीठांना व महाविद्यालयांना खुली. योजना स्तुत्य आहे. पण तिच्यातील बहुतेक सारी सामग्री इंग्रजी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, मिरवणुका निघाल्या. अभिजात भाषेची त्रैमासिके पोस्टाच्या तिकिटाला महाग असावीत, आणि त्याच वेळी तिच्या विद्यार्थ्यांनी बनावट पत्रिकांची पोती भरावीत, ही विसंगती त्या मिरवणुकांत कोणी बोलून दाखविली नाही. जेथे सरळ दार वर्षभर बंद राहते तेथे लोक भिंतीवरून उड्या मारणारच. त्या उड्यांचा निषेध करण्यापूर्वी दार उघडले पाहिजे.

आणि आता ही जबाबदारी दिल्लीवर ढकलण्याची सोयही राहिलेली नाही. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद केली, आणि पत्रिका पारखण्याचे काम काही मार्गदर्शक कसोट्या देऊन विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपविले. काहींना ही अनागोंदीची नांदी वाटते. ती भीती निराधार नाही. ज्यांनी २०१७ मध्ये डोळे मिटून शिफारशी केल्या, तेच आता परीक्षक होणार! तरी प्रस्तुत लेखकाला यात एक संधी दिसते. यादी कितीही चांगली असली तरी ती वाचनाचे काम करू शकत नाही. यादी होती तोवर निवडसमितीला निबंध उघडून पाहण्याचे कारणच नव्हते, पत्रिकेचे नाव यादीत आहे की नाही एवढे पाहिले की झाले. आता निबंधच वाचावा लागेल.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. कोल्हापूर, बेळगाव, निपाणी येथील महाविद्यालयांनी व शिक्षणसंस्थांनी नेमणुकीच्या वेळी उमेदवाराकडून पेपरांची चळत मागवू नये. नियमाचे कोष्टक भरावयाचे ते भरावे, पण त्याच्या मते सर्वांत चांगले असे तीन निबंध घ्यावेत, समितीतील दोघांनी ते आधी वाचावेत, आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत. ज्याने स्वतः लिहिले आहे तो अर्धा तास बोलेल, ज्याने विकत घेतले आहे तो पाच मिनिटांत अडेल. यासाठी कोणत्याही इंपॅक्ट फॅक्टरची आवश्यकता नाही. एकदिवसीय चर्चासत्र भरवून त्यातील लेख न वाचताच एखाद्या पत्रिकेच्या ‘विशेषांका’त घाऊक घालण्याची जी प्रथा पडली आहे, ती तर प्राचार्यांनी निर्धाराने बंद करावी. सत्रात वीस निबंध वाचले गेले आणि एकावरही कोणी शंका काढली नाही, तर ते सत्र म्हणजे प्रमाणपत्रवाटपाचा समारंभ झाला.

विद्यार्थ्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. संपादक मंडळातील एखाद्या परिचित नावाला फोन करून, ‘आपण खरोखर या पत्रिकेवर आहात काय?’ असे विचारावे. मागचे दोन अंक उघडून पाहावेत. ओव्या आणि सिमेंट एकाच अंकात नांदत असतील तर मागे फिरावे. परीक्षकाने काय लिहिले ते मागावे. आणि लेख वाचण्यापूर्वीच प्रसिद्धीची तारीख सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. जो आपल्या लेखात दोष दाखवीत नाही त्याने तो वाचलेला नाही, असे समजावे.

राहता राहिली आपली जुनी घराणी व वाचनसंस्था. करवीर नगर वाचन मंदिर व बेळगावचे सार्वजनिक वाचनालय या दोन्ही संस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या. भाषणे, व्याख्यानमाला तेथे होतच असतात. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ तरुण संशोधकाच्या निबंधवाचनाला द्यावी. निवृत्त प्राध्यापक, जुने वकील, मोडी वाचणारे, शेतीवाडीचे कागद हाताळलेले असे दहा-वीस श्रोते जमवावेत आणि त्यांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. सीमाभागातील ग्रामीण संमेलनांनीही कथाकथन व कविसंमेलन यांच्या जोडीला एक तास याच कामी ठेवावा. हिंडलग्याच्या ओव्यांवरील निबंधाला उचगावच्या आजीबाईइतका अधिकारी परीक्षक कोणत्या आंतरराष्ट्रीय मंडळावर मिळणार? ज्यांच्या घरी चार पैसे आहेत त्यांनी एखाद्या प्रामाणिक मराठी त्रैमासिकाची वर्गणी स्वतःसाठी भरावी, आणि दुसरी गावच्या वाचनालयासाठी. एका लग्नातील फटाक्यांच्या खर्चात एका त्रैमासिकाच्या परीक्षकांचे वर्षभराचे मानधन निघेल. मग संपादकांनाही सांगता येईल की, तीन महिन्यांच्या आत होकार अगर नकार कळवा, आणि नकार असेल तर त्याची कारणे लिहा.

नकार ही विद्येच्या व्यवहारातील अपमानाची गोष्ट नव्हे. ‘हे पुन्हा तपासा, हा शब्द कोठे मिळाला ते सांगा, हा कागद मूळ आहे की नक्कल?’ असे विचारणारा माणूस लेखकाचा हितचिंतक असतो. तो भेटला म्हणूनच आपल्या मुलखातील जुन्या विद्वानांचे लेखन आज पन्नास-शंभर वर्षांनीही आधारास घेता येते. नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. तत्पूर्वी आपापल्या भागातील महाविद्यालयांनी पत्रिका पारखण्याचे आपले नियम ठरवून ते फलकावर लावावेत, आणि ते लावले की नाहीत हे ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांनी स्वतः जाऊन पाहावे.